इराण आणि अरब शेजाऱ्यांची बातमी कशी वाचायची: भांडण किती, जवळीक किती

आखातात काही झालं की आपल्याकडे व्हॉट्सॲपवर दोनच प्रकारचे मेसेज फिरतात, एक "हे शिया-सुन्नींचं हजार वर्षांचं वैर आहे, कधी मिटणार नाही" आणि दुसरा "आता सगळे एक होणार बघा". दोन्हींनी काही कळत नाही. आणि कळणं गरजेचं आहे हो, रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरातली माणसं कुवेत, दोहा, दुबईत कामाला आहेत आणि मागे राहिलेल्यांना नेमकं किती घाबरायचं ते ठरवायचं असतं. मी ज्या पद्धतीने या बातम्या वाचते ती इथे लिहून ठेवते, वापरून बघा.

सगळ्यात आधी, बातमीत "अरब देश" असं दिसलं की तिथेच थांबा आणि विचारा, कोणता देश? आखाती सहकार्य परिषदेत सहा देश आहेत, सौदी, यूएई, कुवेत, कतार, बहरीन, ओमान. ही परिषद 1981 मध्ये झाली, म्हणजे इराणची क्रांती होऊन दोन वर्षं झालेली आणि इराण-इराक युद्ध सुरू होऊन वर्षही नाही, त्यामुळे तिच्या जन्मातच तेहरानची भीती आहे हे खरं. पण सहाही जणांचं इराणशी खातं वेगवेगळं. याचा पुरावा हवा तर जानेवारी 2016 बघा. सौदीने शिया धर्मगुरू निम्र अल-निम्र यांना मृत्युदंड दिला, तेहरानमध्ये जमावाने सौदी दूतावासावर हल्ला केला, आणि मग काय झालं? सौदी आणि बहरीनने संबंध तोडले, यूएईने फक्त दर्जा खाली आणला, कुवेत आणि कतारने राजदूत परत बोलावले, आणि ओमानने निषेध नोंदवला पण संबंधांना हातच लावला नाही. एकच घटना, एकच परिषद आणि इतक्या तऱ्हा. पुढच्याच वर्षी सौदी, यूएई, बहरीन आणि इजिप्तने कतारची नाकेबंदी केली तेव्हा कतारची विमानं इराणच्या आकाशातून जायला लागली आणि कतारने आपला राजदूत तेहरानला परत पाठवला. म्हणजे "अरब विरुद्ध इराण" या चौकटीत 2017 बसतच नाही.

दुसरं, धर्माचं कारण सगळ्यात शेवटी तपासा, पहिलं नाही. धर्म आहेच, बहरीनमध्ये शिया बहुसंख्य आणि राजघराणं सुन्नी, 2011 च्या आंदोलनात तिथे सौदी फौजा आल्या, हे विसरून चालणार नाही. पण इराण-इराक युद्धात शिया इराणविरुद्ध इराककडून लढणाऱ्यांत लाखो शिया अरब होते. आणि मार्च 2023 मध्ये बीजिंगला सौदीशी तुटलेले संबंध पुन्हा जोडण्याच्या समझोत्यावर इराणकडून सही केली ती तिथल्या सुरक्षा परिषदेचे तेव्हाचे सचिव अली शमखानी यांनी, जे स्वतः इराणच्याच खुझेस्तान प्रांतातले अरब. आधी बघायचं तेल, तळ, सीमा, सत्तेची भीती, कोणाच्या हाताखाली कोणते सशस्त्र गट आहेत (येमेन, इराक, लेबनॉन), अमेरिकेचे निर्बंध, आणि अमेरिकेचाच कतारमधला अल-उदैद हवाई तळ किंवा बहरीनमधलं तिचं पाचवं आरमार. जून 2025 मध्ये इराणने अल-उदैदवर क्षेपणास्त्रं टाकली, कतारशी त्याचं वैर होतं म्हणून नाही, तळ अमेरिकेचा होता म्हणून. पण आवाज दोह्यात राहणाऱ्यांनी ऐकला, भीती त्यांच्या वाट्याला आली, आणि कतारनेही आपल्या सार्वभौमत्वाचा भंग म्हणून स्पष्ट निषेध केला.

तिसरं छोटंसं आहे. परिषदेच्या निवेदनात होर्मुझजवळच्या अबू मुसा आणि दोन तुंब या, यूएई आपली म्हणते त्या बेटांचा परिच्छेद जवळजवळ दर वेळी असतो. इराणने ही बेटं 30 नोव्हेंबर 1971 ला ताब्यात घेतली, यूएई स्थापन व्हायच्या दोन दिवस आधी. वाद खरा आहे, पण तो परिच्छेद दिसला म्हणून युद्ध आलं असं समजू नका, त्याच काळात दुबईच्या खाडीवर लाकडी गलबतांत फ्रिज, टायर, कापडाचे गठ्ठे चढवून ती इराणच्या बंदरांकडे निघतच असतात. निवेदनातून तो परिच्छेद गायब झाला तर मात्र ती मोठी बातमी समजा.

आता मुख्य काम, जवळीक मोजायची कशी. हस्तांदोलनाचा फोटो आला की त्याची तारीख लिहून ठेवा आणि मग पुढचं वर्षभर विमान, वायर, रेल्वे, पाईप बघत राहा. 10 मार्च 2023 ला बीजिंगचा समझोता झाला, पण त्याआधी 2021-22 मध्ये बगदाद आणि ओमानमध्ये दोघांच्या गुपचूप बैठका झाल्या होत्या हे कोणी सांगत नाही, सगळं श्रेय चीनला. रियाधमधला इराणी दूतावास जूनमध्ये उघडला. इराणी उमराह यात्रेकरूंचा पहिला जथ्था निघायला एप्रिल 2024 उजाडलं. एवढा उशीर लागतो, आणि हा उशीर हाच विश्वासाचा खरा आकडा आहे असं मला वाटतं. इराककडे तर खास लक्ष ठेवा. तो वीज आणि गॅस इराणकडून घेत आला आणि दुसरीकडे आखाती देशांच्या ग्रिडची लाईन कुवेतमधून त्याच्याकडे ओढली जातेय. बसरा ते इराणमधलं शलमचेह हा रेल्वेमार्ग जेमतेम 32 किलोमीटरचा, वर्षानुवर्षं नुसती चर्चा, पायाभरणी झाली सप्टेंबर 2023 ला. असे 32 किलोमीटर पूर्ण झाले की नाही हे शिखर परिषदेच्या दहा भाषणांपेक्षा जास्त सांगतं.

एकत्रीकरण म्हणजे युरोपसारखं काही होईल ही अपेक्षा मात्र सोडा. सहा देशांनाच आपसात 2010 पर्यंत एक चलन आणायचं होतं, ते आजवर जमलं नाही, आधी ओमान बाहेर पडला मग यूएई. जिथे नाईलाज आहे तिथेच काहीतरी उभं राहील. गॅसचंच घ्या, समुद्राखालचं एकच प्रचंड क्षेत्र, इराणी बाजूला साउथ पार्स आणि कतारी बाजूला नॉर्थ फील्ड, साधारण 9,700 चौरस किलोमीटर, त्यातलं 6,000 कतारकडे. भावाभावांच्या सामायिक विहिरीसारखं आहे ते, दोघांचे पंप वेगळे आणि पाणी एकच. म्हणूनच दोहा तेहरानशी कायमचं तोंड फिरवू शकत नाही.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे कोणीच बघत नाही, ते म्हणजे समुद्राचं पाणी. हे आखात सरासरी जेमतेम 35 मीटर खोल, बाहेर पडायला होर्मुझची एकच चिंचोळी वाट, पाणी बदलायला वर्षं लागतात. कुवेतमध्ये नळाला येणारं पाणी जवळपास सगळं याच समुद्रातून गोडं केलेलं, कतार-बहरीनचंही तसंच, आणि समोरच्या किनाऱ्यावर बुशेहरचा अणुप्रकल्प. 1983 मध्ये इराकी हल्ल्यात इराणच्या नौरूझ तेलक्षेत्रातल्या विहिरी फुटल्या आणि युद्ध चालू म्हणून त्या महिनोन्महिने बंद करता आल्या नाहीत, तेल वाहतच राहिलं. तेल कोणाचं, हे ते गोडं करणारे प्लांट विचारत नाहीत.

गंमत नाही, पण 1978 च्या कुवेत करारातून सागरी पर्यावरणासाठी एक संघटना झाली, रोपमे, आणि तिच्यात इराण, इराक आणि परिषदेतले सहाही देश, असे आठही जण सदस्य आहेत. राजदूत मागे घेतले तरी हे सदस्यत्व टिकलं. माझी कळकळीची विनंती आहे, पुढच्या वेळी आखाताची बातमी आली की क्षेपणास्त्रांच्या मथळ्याच्या खाली जाऊन शोधा की रोपमेची बैठक झाली का, तेलगळतीच्या सूचना एकमेकांना जातायत का, बुशेहरजवळच्या किरणोत्सर्गाच्या मोजणीचे आकडे कुवेतला मिळतायत का. ही माहिती जात असेल तर घरी फोन करून "काळजी करू नका" म्हणायला थोडा तरी आधार आहे. ती थांबली असेल तर राजदूत एकमेकांना कितीही मिठ्या मारोत, आपल्या माणसाला पासपोर्ट आणि कागदपत्रं हाताशी ठेवायला सांगा.