शिकाऊ परवाना काढताय? आधी पुढच्या ब्रेकशी ओळख करा

रस्त्यावरची चिन्हं पाठ करा, ती चार दिवसांत होतात. माझ्याकडे मोटारसायकल शिकायला येणाऱ्यांचं घोडं अडतं ते पुढच्या ब्रेकपाशी. 'पुढचा दाबलास तर तोंडावर पडशील' असं कुणीतरी आधीच भरवलेलं असतं. मग गडी मागचा ब्रेक पायाने तुडवत राहतो आणि गाडी काही थांबत नाही.

ब्रेक लागला की गाडीचं आणि तुमचं वजन पुढे सरकतं. पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं, त्याची पकड वाढते. मागचं हलकं होऊन घसरायला लागतं. म्हणून कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाकच करतं. पाडतो तो ब्रेक नव्हे, झटका.

मोकळं मैदान बघा, हँडल सरळ, वेग ताशी २० किलोमीटर. आधी पुढच्या ब्रेकचा लिव्हर हलका दाबून त्यातली ढील काढा. पुढचे शॉकअप खाली बसल्याचं हाताला कळलं की दाब वाढवत न्या, सोबत मागचाही हलका. चाक जाम झालंच तर लिव्हर लगेच सोडा आणि पुन्हा हळू दाबा. हाताला सवय झाल्याशिवाय वेग वाढवू नका.

हे इतकं घोटून घ्यायचं कारण आहे. लॉस एंजेलिसमधल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा संशोधक हॅरी हर्ट यांनी केलेला अभ्यास १९८१ साली आला. धोका दिसल्यापासून चालकाच्या हाती बहुतेक वेळा दोन सेकंदसुद्धा नव्हते, आणि त्यातही अनेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबला, पुढचा जेमतेम. दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली तिथे चूक बहुधा समोरच्या गाडीवाल्याची होती. त्याला मोटारसायकल दिसलीच नव्हती. तेव्हा चौकात शिरताना बोटं लिव्हरवर ठेवा आणि वळायला उभ्या असलेल्या गाडीचं पुढचं चाक बघा. ड्रायव्हरशी नजरानजर झाली म्हणून मी तरी निर्धास्त होत नाही. चाक हललं की वेग कमी करायचा.

ताशी ६० ला एका सेकंदात गाडी साधारण १७ मीटर जाते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा. तुम्ही तिथे पोचेपर्यंत निदान दोन सेकंद जायला हवेत. पावसात चार. पाऊस नुकताच सुरू झाला असेल तर जरा थांबलेलंच बरं, कारण तेव्हा रस्त्यावरचं तेल वर येतं. ओले पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं यांच्यावर ना ब्रेक, ना वळण.

वळणाआधीच वेग कमी करा आणि वळण संपतं तिकडे बघा. खड्ड्याकडे टक लावलीत की गाडी खड्ड्यातच जाते, हे रोज बघतो.

हेल्मेटचा पट्टा लावून डोकं जोरात हलवा. हेल्मेट वेगळं हलत असेल तर ते मोठं आहे, मित्राचं असलं तरी परत करा.

आणि परीक्षेत आठचा आकडा काढताना पुढच्या ब्रेकला हात लावू नका. वेग चालण्याइतका आणि हँडल वळलेलं असताना तो दाबला की गाडी जागेवर आडवी होते. तिथे हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट दाबलेला, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि नजर पुढच्या वळणावर.