सहा शब्दांची यादी आणि वाया गेलेले वर्ष

भावना, चेहऱ्याचे आकलन आणि भाषा यांच्या परस्परसंबंधावर पुण्यात पीएच.डी. करू इच्छिणारे विद्यार्थी मला बहुधा संख्याशास्त्राविषयी विचारतात. ते ‘आर’ या संगणकप्रणालीवर विनामूल्य शिकता येते आणि वर्षभर नेटाने बसल्यास जमतेही, त्यामुळे त्याची धास्ती घेऊ नये. मार्गदर्शक नामवंत असण्यापेक्षा मसुदा वाचून, खुणा करून परत देणारा असावा, हे माझे मत कटू अनुभवातून आले आहे. माझे पहिले प्रकरण चार महिने एका टेबलावर न उघडता पडून होते. खरा धोका मात्र वेगळ्याच ठिकाणी असतो, आणि त्याविषयी मला कोणीही सावध केले नव्हते.

माझ्या पहिल्या अभ्यासात चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून त्याखाली दिलेल्या भावनांच्या सहा शब्दांपैकी एक निवडायचा होता. इंग्रजी शब्दांचे मराठी भाषांतर एकीने केले, दुसरीने ते पुन्हा इंग्रजीत नेले, आणि ‘डिसगस्ट’चे ‘घृणा’ होऊन पुन्हा ‘डिसगस्ट’च परत आल्यावर आम्ही समाधानाने पुढे गेलो. ही उलट-भाषांतराची पद्धत मानसशास्त्रज्ञ ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये पद्धतशीरपणे मांडली आणि ती उपयुक्तही आहे. परंतु दोन शब्द शब्दकोशात जुळतात एवढेच तिच्यातून कळते. सदाशिव पेठेतील एका आजींनी मला सरळ विचारले, “अगं, घृणा माणसाची वाटते. नासलेल्या आंब्याची किळस येते. यातलं तुला नेमकं कोणतं हवंय?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. ‘राग’ या शब्दाचेही तसेच, कारण रुसवा हा आपल्या माणसावरच धरता येतो, वैतागाला समोर माणूस असावाच लागत नाही, आणि माझ्या यादीत या दोहोंना जागाच नव्हती.

यादी काढून टाकून “या बाईला काय वाटत असेल?” एवढेच विचारल्यावर पहिल्या फेरीतील एकमत विरघळले. “हिचं काहीतरी बिनसलंय”, “कुणीतरी टाकून बोललंय”, “आता उठून जाईल” अशी उत्तरे आली, आणि मी ती सगळी ‘उत्तर नाही’ या रकान्यात ढकलली. माझी चूक हीच होती, आणि ती वर्षभर चालली. लोकांनी उत्तर दिले होते. माझ्या साच्यात बसणारा शब्द तेवढा दिला नव्हता.

एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांना गोष्ट सांगून तिला जुळणारा चेहरा निवडायला लावला होता, आणि दिलेल्या पर्यायांतून निवड करवून घेण्याच्या अशा पद्धतींमुळेच एकमत फुगते, असा आक्षेप मानसशास्त्रज्ञ रसेल यांनी १९९४ मध्ये घेतला. हे दोन्ही लेख मी परीक्षेसाठी पाठ केले होते, तरी माझ्याच प्रश्नावलीत तो आक्षेप मला दिसला नाही. लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सहभागींकडून भावनेचा शब्द तीस वेळा म्हणवून घेतला; त्यामुळे शब्दाचा अर्थ तात्पुरता बोथट होतो, आणि मग दोन चेहऱ्यांवरील भावना एकच आहे का, हे ओळखणे लोकांना जड गेले. २०१४ मध्ये याच गटाने शब्दार्थांचे ज्ञान गमावलेल्या तीन रुग्णांचा अभ्यास केला. त्या रुग्णांनी चेहऱ्यांचे सुखद, दुःखद आणि तटस्थ असे ढीग केले. राग आणि भीती यांचे वेगळे ढीग झाले नाहीत. तेव्हा प्रश्नावलीतला शब्द निव्वळ लेबल नसतो, पाहण्याच्या क्रियेतच तो भाग घेतो. भाषांतर हे शेवटी उरकायचे कारकुनी काम समजणाऱ्याने या विषयाच्या वाटेला जाऊ नये.

नाट्यशास्त्रातील आठ स्थायिभाव, म्हणजे मूळ भावना, प्रस्तावनेत शोभेसाठी टाकण्याची पद्धतही मला खटकते. ते रंगभूमीचे शास्त्र आहे. चेहरे सर्वत्र सारखेच वाचले जातात याचा पुरावा म्हणून ते वापरता येत नाही. व्हॉट्सअॅपच्या गटांत फॉर्म फिरवून आठवड्यात नमुना पूर्ण करणाऱ्यांविषयी तर न बोललेले बरे.

हे वाचून कोणी खचू नये. आधी पंधरा-वीस जणांशी मोकळेपणी बोलून त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले, तर माझे वाया गेलेले वर्ष तुमचे वाचेल. माझ्या ‘उत्तर नाही’च्या रकान्यातील वाक्ये मी पुढे तीन आठवडे बसून अर्थानुसार गट पाडून नव्याने संकेतबद्ध केली. प्रबंधाचे तिसरे प्रकरण त्यांच्यावर उभे आहे; सहा शब्दांची आकडेवारी परिशिष्टात गेली.