धरणाऱ्या आणि सुटणाऱ्याही: रोजच्या कामाच्या चार गाठी

दोरी बांधायची म्हटली की बहुतेक जण एक गाठ मारतात, तिच्यावर दुसरी, आणि तरी भरवसा वाटेना म्हणून तिसरी. मग ती निरगाठ सोडवायला दात नाहीतर कात्री. एवढं करून ती घसरायची ती घसरतेच. कारण किती गाठी मारल्या याला फारसा अर्थ नाही. ताण आल्यावर दोरी दोरीला कुठे दाबते, यावर सगळं अवलंबून असतं. चांगली गाठ ताणाखाली आवळते आणि ताण गेला की बोटांनी सुटते.

सरावाला दीड-दोन मीटर लांब, करंगळीएवढी जाड सुती दोरी घ्या. बारीक सुतळीवर शिकू नका, कुठला वेढा कुठून गेला ते दिसतच नाही. खाली ‘टोक’ म्हणजे हातात फिरवायचा मोकळा भाग आणि ‘मुख्य दोरी’ म्हणजे ताण येणारी बाजू.

रीफ नॉट: गठ्ठा, पार्सल, बुटाची नाडी

१. उजवं टोक डाव्यावरून घ्या, खालून काढा, ओढा.
२. तेच टोक आता डावीकडे आलेलं असेल. ते पुन्हा दुसऱ्या टोकावरून घ्या, खालून काढा, आवळा.

दोन्ही वेळा वरून जाणारं टोक एकच, हे लक्षात ठेवलं की पुरे. गाठ चपटी बसते आणि प्रत्येक बाजूला टोक व मुख्य दोरी जोडीने बाहेर पडतात. टोकं आडवी फाकली असतील तर दुसरा फेरा चुकला; ती ग्रॅनी नॉट झाली, आणि ती घसरते.

आता आपल्या बुटाकडे बघा. नाडीचे फासे बुटावर आडवे बसलेत, की बोटांपासून घोट्याकडे उभे वळलेत? उभे असतील तर रोज ग्रॅनी नॉटच मारली जातेय. फासे नेहमीसारखेच घाला, फक्त पहिली अर्धी गाठ उलट्या बाजूने सुरू करा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये नाड्या का सुटतात ते तपासलं: पाऊल जमिनीवर आपटताना गाठ सैल होते आणि झुलणारी टोकं ती ओढत नेतात. सुटू दोन्ही शकतात, पण ग्रॅनी लवकर.

रीफ नॉट सोडवायला एक टोक उलट दिशेला हिसडा. ते सरळ होतं आणि दुसरं त्यावरून घसरतं. नेमक्या याच कारणाने दोन दोऱ्या जोडून त्यावर वजन टाकायला ती वापरू नये.

गोल वेढा आणि दोन अर्ध्या गाठी: खांब, कडी, वाळत घालायची दोरी

टोक खांबाभोवती एकदा नाही, दोनदा गुंडाळा. बहुतेक ताण हा जादा वेढाच खातो, त्यामुळे पुढची गाठ शांतपणे मारता येते. मग टोक मुख्य दोरीभोवती फिरवून तयार झालेल्या फटीतून काढा, आवळा. त्याच दिशेने आणखी एकदा. झालं.

बोलाइन: न आवळणारा फास

एकच गाठ शिकायची असेल तर ही शिका. हिचा फास कितीही ओढला तरी लहान होत नाही, म्हणून बादली, पिंपाचं कान, झाडाचा बुंधा, कुठेही चालते.

१. टोकाकडून हातभर दोरी सोडून मुख्य दोरीवर छोटं कडं करा. टोकाकडची बाजू वर आली पाहिजे.
२. टोक कड्यातून खालून वर काढा.
३. मुख्य दोरीच्या मागून वळवा.
४. त्याच कड्यातून परत खाली घाला.
५. टोक आणि त्याच्या शेजारची फासाची दोरी एका हातात धरा, दुसऱ्या हाताने मुख्य दोरी ओढा.

सगळ्यांची गाडी पहिल्याच पायरीवर अडते. कडं उलटं पडलं की शेवटी ओढल्यावर गाठ हातातून विरघळून जाते. तसं झालं तर पुढच्या पायऱ्या तपासत बसू नका, कडं उलटवून पुन्हा सुरू करा. टोक दोरीच्या जाडीच्या दहा-बारा पट तरी शिल्लक ठेवा. नायलॉन गुळगुळीत असल्याने आणखी जास्त. सोडवताना मुख्य दोरीला मागून कवटाळणारा वळसा अंगठ्याने पुढे ढकला. ताणाखाली मात्र ही सुटत नाही.

दोन दोऱ्या जोडायच्या असतील तर दोघींना बोलाइन मारा आणि फास एकमेकींत अडकवा.

ट्रकर्स हिच: गाडीवरचं सामान

एक बाजू गोल वेढ्याने पक्की करा, दोरी सामानावरून पलीकडे आणा. हुकाच्या हातभर अलीकडे दोरीला फेरा द्या आणि त्यातून टोकाकडची दोरी दुमडून काढा; टोक बाहेर काढायचं नाही, नुसती दुमड. हा सुरगाठीचा फास झाला. मुख्य दोरी ओढून बघा: फास लहान होत असेल तर दुमड चुकीच्या बाजूने घेतलीय. आता टोक हुकाखालून आणून फासातून ओवा आणि परत हुकाकडे खेचा. हिशेबाने हाताच्या जोराच्या तिप्पट ताण बसतो. घर्षणामुळे प्रत्यक्षात कमी, तरी पुठ्ठ्याचं खोकं चेपायला पुरेसा. टोक निघतं तिथे दोरी चिमटीत घट्ट धरून ठेवा आणि खाली दोन अर्ध्या गाठी मारा.

माणसाचा भार पेलायला मात्र यातलं काही वापरू नका. त्यासाठी वेगळ्या दोऱ्या आणि वेगळं प्रशिक्षण लागतं. गाठीपाशी दोरी तशीही कमकुवत होते, कधी कधी निम्म्यापर्यंत.

आणि जुनी निरगाठ कात्रीशिवाय सोडवायची असेल तर उपटत बसू नका. गाठीत शिरणारी एक दोरी तिच्याच पिळाच्या दिशेने घट्ट पिळा, म्हणजे ती जरा बारीक आणि कडक होते. मग ती गाठीत ढकला. आत जेमतेम जागा झाली की नख शिरतं, पुढचं सोपं.