नियोफिनेशिया: तळहातावर मावणारं वासाचं ऑर्किड

बाल्कनी छोटी आहे पण वासाचं ऑर्किड हवंय, तर मोठ्या व्हँडा जातीच्या ऑर्किडमागे न लागता नियोफिनेशिया फाल्काटा बघा. शास्त्रीय नाव आता व्हँडा फाल्काटा झालंय, पण विकणारे दोन्ही नावं लावतात. मूळचं जपान, कोरिया, चीनकडचं, झाडांच्या फांद्यांवर वाढणारं, आणि जपानात तर एदो काळातले (सतरावं ते एकोणिसावं शतक) सरदार लोक हे हौसेने सांभाळायचे. पांढरी फुलं, मागे लांब बाकदार नळी, तिच्यात मध. वास खरा सुटतो तो अंधार पडल्यावर, कारण रात्रीच्या पतंगांना बोलवायचं असतं, त्यामुळे दुपारी हुंगून वासच नाही म्हणू नका.

माती अजिबात नको. स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) भिजवून पिळायचं, त्याचा उलट्या वाटीसारखा आतून पोकळ ढीग करायचा, वर झाड बसवून मुळं चारी बाजूंनी खाली सोडायची, त्यावर मॉसचा पातळ थर आणि मग हे सगळं कुंडीच्या काठावर टेकवायचं. ती पोकळी ठेवाच! मॉस गच्च भरलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

पाणी मॉस वरून कोरडं लागलं की भरपूर द्यायचं, रोज थोडं थोडं नाही. कोरडी मुळं रुपेरी दिसतात, भिजली की हिरवी, म्हणजे झाडच सांगतं. बोअरचं क्षारवालं पाणी टाळा, पावसाचं साठवलेलं उत्तम. नवीन मुळं वाढत असतील तेव्हाच खत, तेही पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भाग.

ऊन सकाळचं कोवळं, नंतर शेड नेट. थंडीत खत बंद, पाणी अगदी कमी, पानांवर थोड्या सुरकुत्या आल्या तरी घाबरायचं नाही, हा आराम मिळाला की फुलं चांगली येतात, त्यामुळे पुणे-नाशिकवाल्यांचं जरा बरं आहे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात मॉस वाळतच नाही, तिथे मी तरी मॉस सोडून सरळ लाकडाच्या तुकड्यावर बांधा असंच म्हणेन, आणि कुठेही असलात तरी पावसात उघड्यावर ठेवू नका.

बुडाशी पिल्लं येतात, ती लगेच तोडायची घाई नको, स्वतःची तीन-चार मुळं आल्यावर बघा, आणि खरं तर झुपका तसाच ठेवला तर एकदम जास्त फुलं मिळतात.