कार्यक्रम हाउसफुल्ल, निधी मात्र शून्य: संस्थेसाठी पैसे उभारताना या चुका टाळा

वसतिगृहाचे पत्रे गळत असतात, अनुदान अडकलेले असते, शिक्षकांचे मानधन थकलेले असते. विश्वस्तांच्या बैठकीत कोणीतरी म्हणते, "आपण एक मोठा कार्यक्रम करू या." मग नाटक, संगीत रजनी, मॅरेथॉन, खाद्यजत्रा अशी यादी निघते. तीन महिने सगळे राबतात, फोटो छान येतात, आणि हिशेब मांडल्यावर कळते की पत्र्यांपुरतेही पैसे सुटलेले नाहीत. लहान संस्थांच्या बाबतीत हे फार वेळा घडते. त्यात पैशांपेक्षा चांगल्या माणसांची उमेद जास्त खर्ची पडते, आणि ती पुन्हा उभी करणे फार कठीण असते.

निधीची कल्पना नवी जरूर असावी, पण ती देणाऱ्याच्या जगण्यात सहज बसते का, हे आधी पाहावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. खेड्यातल्या घरांत रोकड नसायची, धान्य असायचे. म्हणून मुष्टिफंड निघाला: रोजच्या दळणा-रांधणातून मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते वसतिगृहातल्या मुलांसाठी द्यायचे. हातात एक आणाही नसलेल्या बाईला त्यात देता येत होते. त्याच्याही आधी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला होता. माणशी मागणी एका पैशाची. टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावला त्यातून काच कारखाना उभा राहिला. या दोन्ही योजनांत मागणी छोटी होती आणि ती पुन्हा पुन्हा करता येत होती. आज आपण एका रात्रीत सगळे उभे करायला जातो, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

एकूण जमा पाहून खूश होणे

समजा, नाट्यगृहात ८०० खुर्च्या आहेत आणि देणगी प्रवेशिका ३०० रुपयांची आहे. कागदावर २ लाख ४० हजार होतात. प्रत्यक्षात शंभरेक खुर्च्या पाहुणे, नगरसेवक आणि "आपल्या माणसांना" फुकट जातात आणि ५०० प्रवेशिका खपतात. म्हणजे दीड लाख. त्यातून नाटकाच्या कॉन्ट्रॅक्ट शोचे (ठोक रकमेत ठरवलेल्या प्रयोगाचे) पैसे, नाट्यगृहाचे भाडे, फ्लेक्स, छपाई, चहापाणी, शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्हे वजा करा. वीस हजार उरले तरी खूप झाले. तेवढे पैसे वीस घरी जाऊन शांतपणे मागितले असते, तरी मिळाले असते.

उपाय एकच आहे आणि तो नाट्यगृहाची तारीख घेण्याआधी करायचा असतो. कार्यक्रमाचा संपूर्ण खर्च एक-दोन प्रायोजकांकडून लेखी पक्का करून घ्या. गावातला बांधकाम व्यावसायिक, सहकारी बँक, सराफ, जो कोणी असेल तो. खर्च उचलला गेला की प्रवेशिकेचा प्रत्येक रुपया कामाला जातो, आणि "तुमचे पूर्ण ३०० रुपये मुलींच्या वसतिगृहाला जातील" असे छातीठोकपणे सांगता येते. प्रायोजक मिळत नसेल तर कार्यक्रम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कलावंत स्वतः देणारे झाले तर गणितच बदलते. सामाजिक कार्यकर्त्यांच्या मदतीसाठी उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या नटांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. त्यांनी आपली कला आणि वेळ कार्यकर्त्यांसाठी दिला आणि प्रेक्षकांनाही ते ठाऊक होते. तिकीट काढणारा माणूस नाटकाबरोबर त्या कृतज्ञतेतही सहभागी होत होता. तुमच्या गावातल्या हौशी नाट्यसंस्थेला, भजनी मंडळाला, शास्त्रीय गायिकेला असे विचारून पाहा. मात्र संहितेच्या लेखकाची परवानगी आणि त्याचे मानधन विसरू नका. चित्रपटगीतांचा तिकीट लावलेला कार्यक्रम असेल तर गाण्यांच्या हक्कांचा परवाना लागतो. "आम्ही धर्मादाय आहोत" एवढे सांगून तो टळत नाही.

स्मरणिकेच्या जाहिराती तोंडी शब्दावर छापणे

आपल्याकडे कार्यक्रमापेक्षा स्मरणिकाच जास्त मिळवून देते, हे जुन्या कार्यकर्त्यांना माहीत असते. पण "छापून टाका हो, पैसे देतो नंतर" या शब्दावर पाने भरली जातात आणि कार्यक्रमानंतर वसुलीला कोणी फिरकत नाही. कोऱ्या पावतीपुस्तकासोबत जाहिरातीचा छापील अर्ज ठेवा, धनादेश किंवा ऑनलाइन रक्कम आधी घ्या आणि छपाईची तारीख त्यावर ठळक लिहा. ज्याचे पैसे त्या तारखेपर्यंत आले नाहीत, त्याची जागा दुसऱ्याला द्या. नाराजी होईल, ती सोसावी.

परदेशातली कल्पना जशीच्या तशी उचलणे

इंटरनेटवर निधी उभारण्याच्या कल्पना शोधल्या की पहिल्या पाचात 'रॅफल' असतेच: तिकिटे विका, सोडत काढा, बक्षीस द्या. आपल्याकडे लॉटरीवर सरकारचे नियंत्रण आहे. परवानगीवाचून पैसे घेऊन सोडतीची तिकिटे विकणे गुन्हा ठरू शकतो, मग हेतू कितीही चांगला असो. सोसायटीच्या स्नेहसंमेलनातला 'लकी ड्रॉ' निधीसाठी वापरायचा मोह टाळा. त्याऐवजी लिलाव करा: चित्रकाराने दिलेले चित्र, खेळाडूची सही केलेली बॅट, एखाद्या आजींच्या हातचे वर्षभराचे लोणचे. लिलावात वस्तू कोणाला मिळणार हे नशिबावर नसते, आणि बोली चढत गेली की सभागृहात खरी मजा येते.

मॅरेथॉन हीदेखील उचललेली कल्पना. स्वतःची मॅरेथॉन भरवायची म्हणजे पोलीस, पालिका, रुग्णवाहिका, टी-शर्ट, पदके आणि पाणी. एका लहान संस्थेचा त्यात दम निघतो. दरवर्षी जानेवारीत होणाऱ्या टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये युनायटेड वे मुंबई या स्वयंसेवी संस्थेच्या माध्यमातून संस्थांना सहभागी होता येते. तुमच्यासाठी धावणारा माणूस आपल्या नातेवाइकांना, कार्यालयातल्या सहकाऱ्यांना स्वतः मागतो. मैदान दुसऱ्याचे, धावणारा आपला. अशा ठिकाणी ताकद लावा.

पावती, पॅन आणि परवानगी शेवटी आठवणे

संस्था नोंदलेली नसेल, मित्रमंडळी मिळून कोणाच्या उपचारासाठी किंवा शाळेसाठी वर्गणी काढत असतील, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खालची परवानगी आधी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. गणेश मंडळांना हे पाठ असते. चांगल्या कामासाठी एकत्र आलेल्या तरुणांना बहुधा माहीतच नसते.

८०जी, म्हणजे दात्याला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, असलेल्या संस्थांचे दुखणे वेगळे. रोख देणगी २ हजार रुपयांपेक्षा जास्त असेल तर दात्याला करसवलत मिळत नाही. तांदळाची पोती, संगणक, कपडे अशा वस्तूंवरही मिळत नाही. नाटकाच्या प्रवेशिकेवर ८०जीची पावती मागणारे भेटतात. प्रवेशिका हा मनोरंजनाचा मोबदला आहे, देणगी वेगळी घ्या आणि तिची पावती वेगळी द्या. दात्यांच्या नावा-पॅनसह वार्षिक विवरणपत्र प्राप्तिकर खात्याकडे भरावे लागते आणि उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क पडते. एप्रिलमध्ये दोनशे लोकांना पॅनसाठी फोन करत बसण्यापेक्षा देणगी घेतानाच ते विचारा.

आणखी एक गोष्ट: "८०जीत बसते" हेच मुख्य आवाहन करू नका. नवी करपद्धती निवडलेल्यांना ही सवलत नाही, आणि असे पगारदार आता पुष्कळ आहेत. त्यांना कामाबद्दल सांगा.

क्यूआर कोड लावला की झाले, असे मानणे

सर्वांत मोठी चूक म्हणजे खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड लावणे. माणूस कितीही सचोटीचा असो, संशयाला जागा राहते आणि हिशेब तपासनीस हैराण होतो. कोड संस्थेच्या खात्याचाच असावा, स्कॅन केल्यावर संस्थेचे पूर्ण नाव दिसावे. जत्रेत, प्रदर्शनात कोड लावला असेल तर दिवसातून दोनदा स्वतः स्कॅन करून पाहा. त्यावर दुसरे स्टिकर चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार होतात.

यूपीआयने आलेल्या पैशांमागे माणूस कोण हे नीट कळत नाही. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यांवर ३० टक्के दराने कर लागतो. म्हणून कोडखाली एक व्हॉट्सॲप क्रमांक द्या आणि "पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता, पॅन इथे कळवा, पावती लगेच मिळेल" असे लिहा. पावती खरोखरच लगेच पाठवली, तर तोच माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा देतो.

परदेशातल्या आप्तांकडून थेट पैसे घेणे

अमेरिका-इंग्लंडमधल्या मराठी मंडळींना गावच्या शाळेसाठी काही करायचे असते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. पण तिथले नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे ठरतात, जवळ ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकाचे) कार्ड असले तरी. अशी देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच आली पाहिजे. नोंदणी नसेल तर काकांना, मावशीला प्रेमाने थांबवा आणि नोंदणी असलेल्या संस्थेचे नाव सुचवा. पैसे खात्यात आल्यावर निस्तरणे फार अवघड जाते.

कायमची भोजनतिथी

हा विषय मला जवळचा आहे, कारण यात देणाऱ्याची भावना फार खरी असते. आईच्या स्मृतिदिनी दरवर्षी मुलांना जेवण द्यायचे, त्यासाठी एकदाच रक्कम ठेवायची आणि तिच्या व्याजातून ती तिथी कायम चालवायची. पूर्वी ५ हजार रुपयांत अशा तिथी दिल्या गेल्या. ७ टक्क्यांनी त्याचे वर्षाला ३५० रुपये व्याज होते. साठ मुले असतील तर एका ताटाला सहा रुपयेही येत नाहीत. बाकीचा भार संस्था मुकाट्याने सोसते, आणि कॅलेंडर जसे भरत जाते तसा तो वाढतो.

नव्या तिथी पाच किंवा दहा वर्षांच्या मुदतीने द्या, दर वर्षी फेरआढावा घ्या. जुन्या दात्यांच्या मुलाबाळांना पत्र लिहून आजचा खर्च मोकळेपणाने सांगा आणि तिथीच्या दिवशी जेवायला बोलवा. बहुतेक जण फरक भरून देतात. त्यांना कोणी विचारलेलेच नसते. कायमनिधी म्हणून रक्कम घेताना ती त्याच हेतूने दिली आहे असे दात्याकडून लेखी घ्यायला विसरू नका.

मुलांना स्टेजवर उभे करून मागणे

निराधार मुलांना रांगेत उभे करून, त्यांची करुण कहाणी माइकवरून सांगून झोळी फिरवणे थांबायला हवे. संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. कायदा नसता तरी हे चुकीचेच ठरले असते. ती मुलगी उद्या महाविद्यालयात जाईल आणि तिचा तो फोटो फेसबुकवर तसाच असेल. मुलांनी बनवलेल्या पणत्या, आकाशकंदील, राख्या विका. वस्तू चांगली असेल तर ग्राहक दरवर्षी येतो. फक्त दर्जा सांभाळा. दयेपोटी घेतलेली वेडीवाकडी पणती लोक एकदाच घेतात.

तोटा आधीच झाला असेल तर

कार्यक्रम होऊन गेला आणि खड्डा पडला, असे असेल तर तो वसतिगृहासाठी आलेल्या राखीव निधीतून बुजवू नका. एका कामासाठी घेतलेला पैसा दुसरीकडे वळवला की प्रश्न विश्वासाचा होतो. विश्वस्तांची बैठक बोलावून तूट इतिवृत्तात नोंदवा. मंडपवाला, छापखाना, ध्वनिव्यवस्था यांना भेटून बिलात सूट किंवा हप्ते मागा. त्यांच्यातला एखादा बिल सोडूनही देतो, त्याचे नाव देणगीदारांत लिहा. थकलेल्या जाहिरातदारांची यादी दोन-दोन विश्वस्तांत वाटून घ्या आणि फोन न करता प्रत्यक्ष जा. मग प्रवेशिका घेतलेल्या सगळ्यांना एका पानाचा जमाखर्च पाठवा, तूट न लपवता, आणि त्याखाली एकच विनंती लिहा: महिन्याला १०० रुपये, बँकेतून आपोआप जाणारे, एका वर्षासाठी. पाचशे प्रेक्षकांतले पन्नास जण तयार झाले तरी वर्षाला ६० हजार होतात, आणि त्यासाठी नाट्यगृह घ्यावे लागत नाही.