सर्व्हरचे तंत्रज्ञान निवडताना

संकेतस्थळ किंवा अॅपच्या मागे सर्व्हरवर (म्हणजे विनंत्यांना उत्तर देणाऱ्या संगणकावर) चालणारा प्रोग्राम लिहिण्यासाठी पीएचपी घ्यावे, पायथन, जावा, नोड की डॉटनेट, या प्रश्नापासूनच चर्चा सुरू केली तर ती बहुधा बोलणाऱ्याच्या आवडीनिवडीवर जाऊन थांबते. त्याआधी कागदावर स्पष्ट लिहून काढावे की सर्व्हरला नेमके काय काम करायचे आहे, तो कुठे चालणार आहे आणि बनवणारा निघून गेल्यावर त्याची देखभाल कोण करणार आहे. यांतल्या शेवटच्या मुद्द्याला सर्वांत जास्त वजन द्यावे, कारण नेमका तोच सर्वांत कमी विचारला जातो.

नाशिकमधील अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या छोट्या कारखान्याला आपली उत्पादने दाखवायची असतील, चौकशीचे अर्ज स्वीकारायचे असतील आणि महिन्यातून एखाददा दरपत्रक बदलायचे असेल, तर पीएचपी पुरेसे आहे. १९९५ साली रासमुस लेरडॉर्फ यांनी प्रसिद्ध केलेल्या या भाषेला जुनी म्हणून नाके मुरडण्याची पद्धत आहे. मात्र तिच्या नेहमीच्या रचनेत प्रत्येक विनंती, म्हणजे पान उघडण्याची मागणी, नव्याने सुरू होते आणि उत्तर देऊन झाल्यावर तिने वापरलेली मेमरी मोकळी होते, त्यामुळे एका पानातील चूक सहसा पुढच्या ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. अनेकांची संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर ठेवणारे स्वस्त होस्टिंग पीएचपीला सहज चालते, आणि ते काम हाती घेणारा माणूस नाशिकमध्ये मिळणेही अवघड नसते. नवे काम सुरू करताना लॅरॅव्हेलसारखी चौकट (नेहमीच्या कामांचा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क) घ्यावी. सुटी पाने जोडत जाऊ नये.

माहिती भरणारे कर्मचारी वेगळे आणि प्रोग्रामर वेगळा, अशी स्थिती असेल तर पायथनमधील जॅंगो या चौकटीचा विचार करावा. जॅंगो घडले ते अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कार्यालयात, आणि २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. कदाचित त्यामुळेच नोंदी घालण्या-बदलण्याचा प्रशासन विभाग त्यात तयारच मिळतो. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कोणत्या बागेतून किती माल आला, याच्या नोंदी कार्यालयातील कारकून त्याच दिवसापासून भरू लागू शकतो. पुढे या नोंदींचे विश्लेषण करायचे झाले, तर पायथनमधील साधने हाताशी असतातच.

जावास्क्रिप्ट भाषा सर्व्हरवर चालवणाऱ्या नोडची निवड मात्र कामाचे स्वरूप पाहूनच करावी. रायन डाल यांनी २००९ मध्ये मांडलेल्या या रचनेत जावास्क्रिप्टचा मुख्य प्रवाह, म्हणजे कामे एकामागून एक करणारी रांग, एकच असतो. डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत तो थांबून राहत नाही, मधल्या वेळात दुसऱ्या विनंत्या हाताळतो. लासलगावच्या कांदा लिलावातले भाव शेकडो मोबाइलवर क्षणाक्षणाला बदलते दाखवायचे असतील, तर हे उत्तम. परंतु त्याच प्रवाहात शेकडो पावत्यांच्या पीडीएफ तयार करण्याचे जड काम टाकले, तर ते संपेपर्यंत बाकी सर्वांचे पडदे अडकून बसतात. असे काम वेगळ्या प्रक्रियेत किंवा वर्कर थ्रेडमध्ये (मुख्य प्रवाहाच्या बाजूने चालणाऱ्या दुसऱ्या प्रवाहात) ढकलावे लागते, आणि हे ठाऊक असलेला माणूस जवळ नसेल तर नोडच्या वाटेला जाऊ नये.

जावा आणि डॉटनेट मोठ्या, दीर्घकाळ चालणाऱ्या आणि अनेकांनी मिळून लिहायच्या प्रणालींसाठी योग्य ठरतात. कारखान्यात आधीच मायक्रोसॉफ्टची व्यवस्था असेल तर डॉटनेट सोयीचे. आता ते लिनक्सवरही चालते.

येथे गर्दीच्या भीतीबद्दल सांगणे भाग आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात देशभरातून लोक येतात म्हणून पंचवटीतील वीस खोल्यांच्या लॉजलाही सर्वांत वेगवान भाषा हवी, असे ऐकायला मिळते. प्रत्यक्षात पान रेंगाळते ते बहुतेक वेळा इंडेक्स (नोंदी चटकन शोधण्याची सूची) नसलेल्या डेटाबेसमधील तक्त्यामुळे किंवा एकाच पानासाठी डेटाबेसला शंभर वेळा विचारल्यामुळे. शेवटची खोली दोघांनी एकाच क्षणी नोंदवली तर काय, हा प्रश्नही भाषा सोडवत नाही. खोली आणि तारीख यांची जोडी दुसऱ्यांदा नोंदवता येऊ नये असे बंधन डेटाबेसमध्येच घालावे लागते, आणि डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल असो की मायएसक्यूएल, दोन्हींत ते घालता येते.

दोन बारीक गोष्टी निवडीपूर्वीच तपासाव्यात. पहिली पैशांची. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवल्याने असे घडते, आणि इतर भाषांतील साध्या अपूर्णांकांचेही तेच होते. फरक इतकाच की पायथन, जावा आणि डॉटनेटच्या सी शार्प भाषेमध्ये अचूक दशांशासाठी वेगळी सोय अंगभूत आहे, तर जावास्क्रिप्टमध्ये रक्कम रुपयांऐवजी पैशांच्या पूर्णांकांत ठेवावी किंवा बाहेरचे ग्रंथालय (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) वापरावे लागते. दुसरी देवनागरीची. ‘नाशिक’ या शब्दाची लांबी पीएचपीमधील साधे फंक्शन १५ सांगते, कारण ते बाइट मोजते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते; पायथन ३ मात्र ५ सांगते. अर्जातील नावाला अक्षरमर्यादा घालताना पीएचपीमध्ये बाइटऐवजी चिन्हे मोजणारी बहुबाइट फंक्शने वापरली नाहीत, तर मराठी नावे विनाकारण नाकारली जातात.

उरलेल्या दोन-तीन पर्यायांत खरी निवड करण्यासाठी प्रत्येकात एकच छोटे काम पूर्ण करून पाहावे: लॉगिन, मराठीत भरलेला एक अर्ज, एक पावती आणि बॅकअपमधून सर्व काही पुन्हा उभे करणे. होस्टिंगचा मासिक खर्च आणि निवडलेल्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हेही सोबत लिहावे. डॉटनेटच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीला तीन वर्षे मिळतात. हे काम ज्याने केले नाही अशा दुसऱ्या प्रोग्रामरला शेवटी तो कोड द्यावा आणि पावतीत एक रकाना वाढवायला सांगावे. ज्या पर्यायात त्याला कमीत कमी प्रश्न विचारावे लागले, तो घ्यावा.