प्रॉडक्ट ओनरचा सराव टॉवेलच्या ऑर्डरवहीपासून करा

सॉफ्टवेअर टीमने आधी काय बनवायचं, नंतर काय, आणि काय बनवायचंच नाही, हे ठरवणारा माणूस म्हणजे प्रॉडक्ट ओनर. त्याला कोडिंग आलंच पाहिजे असं नाही. दुसऱ्याचं काम शेजारी बसून बघायची सवय मात्र हवी, आणि ती व्हिडिओ बघून लागत नाही. सोलापुरात त्यासाठी पुण्याची गाडी धरायची गरज नाही. यंत्रमागाचे कारखाने इथेच आहेत. पाच-सहा आठवडे आणि एक खराखुरा वापरकर्ता एवढं भांडवल पुरतं.

आधी स्क्रम गाइड वाचा. स्क्रम म्हणजे थोडं-थोडं बनवून, दाखवून, सुधारत काम पुढे नेण्याची टीमची पद्धत. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी लिहिलेलं, नोव्हेंबर २०२० चं, जेमतेम १३ पानांचं. फुकट मिळतं. दोनदा वाचा. दुसऱ्या वेळी प्रॉडक्ट ओनरवर कोणकोणती जबाबदारी टाकली आहे तेवढं वहीत उतरवा.

मग टॉवेल-चादरीचा धंदा करणारा ओळखीचा एखादा कारखानदार गाठा. दोन दिवस, रोज दोन तास, ऑर्डर घेतात त्या टेबलाशी बसायची परवानगी मागा. "तुम्हाला काय हवं?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारूच नका. विचारलात तर "एक ॲप करून द्या" एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा वही बघा. तिच्यात "गुलाबी ३०×६०, ५ ड" अशी नोंद असेल. दुपारी व्यापाऱ्याचा फोन आला की ५ खोडून वर ८ लिहिलं जातं. पण पॅकिंगवाल्याच्या हातात सकाळचीच चिठ्ठी असते आणि माल पाचच डझन बांधला जातो. इथे ॲपचा प्रश्न नंतरचा. बदललेला आकडा पॅकिंगच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही, हे खरं दुखणं. ते सापडलं की उद्दिष्ट एका वाक्यात लिहा: "ऑर्डर बदलल्यामुळे चुकीचा माल बांधला जाऊ नये." प्रॉडक्ट गोल म्हणतात तो हाच. पुढची प्रत्येक मागणी याच वाक्याशी ताडून बघायची.

आता बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची क्रमवार यादी. पंधरा-वीस मागण्या एका शीटमध्ये, एका ओळीत एक. सर्वात वरच्या तीन-चारच नीट फोडून लिहा, खालच्या मोघम राहू द्या. त्या बदलणारच असतात. वरची एक स्टोरी, म्हणजे वापरकर्त्याच्या बाजूने लिहिलेली मागणी, अशी असेल: "पॅकिंग करणाऱ्याला बदललेली ऑर्डर लगेच दिसावी, म्हणजे तो जुन्या आकड्यावर माल बांधणार नाही." तिच्याखाली स्वीकृतीच्या अटी लिहा:

- ८ डझन टाकले की शेजारी ९६ नग असंही दिसावं.
- जुना आकडा खोडलेला पण वाचता येईल असा राहावा. कोणी, किती वाजता बदलला तेही दिसावं.
- माल बांधून झाल्यावर बदल आला तर तो मालकाच्या मंजुरीशिवाय लागू होऊ नये.
- रंगाच्या नावाशेजारी त्या रंगाचा चौकोन असावा. आपल्याकडे पॅकिंगला तेलुगू, कन्नड बोलणारे बरेच असतात. मराठी नाव वाचायला सगळ्यांनाच जमेल असं नाही.

"स्क्रीन सोपी असावी" ही अट नव्हे. डेव्हलपर आणि तुम्ही दोघांनाही "झालं" किंवा "नाही झालं" असं ठामपणे सांगता येतं, तीच अट.

यानंतरचं काम सगळ्यात अवघड: क्रम लावणं. एका क्रमांकावर एकच मागणी. नवखे इथेच अडकतात. मालक म्हणाला म्हणून सगळ्यावर "अर्जंट" लिहितात, आणि मग कशाला हात लावायचा ते डेव्हलपरच ठरवतात. असा प्रॉडक्ट ओनर निरोप्याच होऊन जातो. जीएसटी बिल, उधारीचं खातं, कामगारांची हजेरी हे सगळं मालकाला हवंच असतं, आणि ते रास्तही आहे. तरी "आत्ता नाही, कारण चुकीचा माल जाणं आधी थांबवायचंय" हे त्यांना समोर बसून, कारणासकट सांगायला शिका.

इंजिनिअरिंगचे तीन-चार विद्यार्थी जमवा आणि एकेक आठवड्याचे दोन स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कामाच्या फेऱ्या, करा. महिन्याच्या स्प्रिंटला नियोजनाची मर्यादा ८ तास आहे. आठवड्याला दोन तास पुरतात. काम किती मोठं आहे याचा अंदाज बनवणाऱ्यांनाच बांधू द्या, तुम्ही आकडा सुचवू नका. स्प्रिंटच्या मध्येच नवी मागणी आली तर ती बॅकलॉगमध्ये टाका. टीमच्या चालू कामात परस्पर घुसवू नका.

रिव्ह्यूला, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटी झालेलं काम दाखवायच्या बैठकीत, फोन पॅकिंगवाल्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. तो कुठे थांबतो, कोणतं बटण शोधतो ते टिपून ठेवा. त्याच संध्याकाळी बॅकलॉगचा क्रम बदला.

प्रमाणपत्राचं यानंतर बघा. प्रॉडक्ट ओनरची प्रमाणपत्रं देणाऱ्या दोन संस्था म्हणजे स्क्रम डॉट ऑर्ग आणि स्क्रम अलायन्स. स्क्रम डॉट ऑर्गच्या पीएसपीओ १ (प्रोफेशनल स्क्रम प्रॉडक्ट ओनर) परीक्षेत ६० मिनिटांत ८० प्रश्न असतात, उत्तीर्ण व्हायला ८५ टक्के लागतात. कोर्स सक्तीचा नाही. स्क्रम अलायन्सच्या सीएसपीओला (सर्टिफाइड स्क्रम प्रॉडक्ट ओनर) परीक्षा नाही, पण कोर्स करावाच लागतो. पीएसपीओ द्यायची असेल तर स्क्रम डॉट ऑर्गची मोफत सराव चाचणी आधी सोडवा, आणि सलग तीनदा पूर्ण गुण पडल्याशिवाय पैसे भरू नका.